दुधाची चिठ्ठी आणि लाल रकाना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आधुनिक व्यवसायातील तंत्रज्ञान, माहिती आणि नेतृत्व’ हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. आमच्या घराण्यात व्यापार कुणी केलेला नाही. पणजोबा गायकवाड सरकारच्या हिशेब खात्यात, आजोबा शाळामास्तर, वडील बँकेत कारकून. आणि मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे मुलांचे घसे पाहते, वजने करते आणि त्यांच्या आज्यांशी हुज्जत घालते. ज्या प्रांतात शाळकरी पोरही नफा-तोटा तोंडी सांगते, तेथे राहून एका मराठी डॉक्टरणीने व्यवसायावर लिहावे हे धाडसच. तरीही लिहावयास बसले, कारण या विषयाशी माझे एक जुने देणे आहे आणि ते फेडावयास आपल्याच माणसांपुढची ही पाने बरी, असे वाटले.

शहरातील एका खासगी रुग्णालयाचा बालरोग विभाग मी सांभाळते. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथे जे घडले ते थोड्याफार फरकाने आपल्यापैकी अनेकांच्या अनुभवात असणार. काही वर्षांपूर्वी तेथे नवी संगणक-प्रणाली आली. तिचे गुण आधी सांगते, कारण तिला नावे ठेवण्याची आपल्या पिढीला फार घाई असते. तपासण्यांचे अहवाल आता खाटेपाशी दिसतात. मुलाच्या वजनाच्या मानाने औषधाची मात्रा जास्त लिहिली गेली तर पडदा अडवतो आणि पुन्हा विचारतो. एका दशांशचिन्हाच्या चुकीने तान्ह्या मुलाचे काय होऊ शकते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. त्या एका सोयीसाठी मी प्रणालीचे बाकीचे सर्व जाच सोसावयास तयार होते.

मग मासिक सभा सुरू झाल्या. भिंतीवर मोठा तक्ता, त्यात प्रत्येक विभागाचा एक रकाना: दाखल रुग्ण, खाटांचा वापर, सरासरी मुक्काम, दर रुग्णामागे उत्पन्न आणि बाह्यरुग्ण विभागात आलेल्यांपैकी किती जण दाखल झाले याचे प्रमाण. बरे असेल ते हिरवे, बेताचे ते पिवळे. आमचा रकाना लाल होता. व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन नुकताच आलेला एक तरुण अधिकारी अतिशय आदबीने म्हणाला, ‘‘मॅडम, आपला विभाग थोडा लाल आहे.’’ थोडा लाल! हृदयरोग आणि अस्थिरोगवाले सहकारी माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले.

पावसाळा सरत आलेला होता. बालरोग विभाग लाल का, याचे उत्तर मला ठाऊक होते. त्या दिवसांत येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना जुलाब असत, आणि त्यांपैकी बहुतेकांना क्षारसंजीवनीचे पाणी, झिंकच्या गोळ्या आणि आईला पंधरा मिनिटे समजावून सांगणे एवढेच लागे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यावयाच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून पटकीच्या रुग्णांचे मृत्यू कितीतरी कमी केले होते. आम्ही ते शिकलो, पुढच्यांना शिकवले. या उपचाराचा दोष एवढाच की त्याला खाट लागत नाही. आईला समजावण्यात गेलेल्या पंधरा मिनिटांना तक्त्यात रकाना नव्हता.

हे मी त्या सभेत म्हणावयास हवे होते. म्हटले नाही. ‘‘बघते,’’ एवढेच बोलले आणि चहाचा कप उचलला.

पुढे जे झाले ते कुणाच्या आज्ञेने झाले असते तर सांगणे सोपे होते. कुणी मला मुले दाखल करा म्हणून सांगितले नाही, चिठ्ठी पाठवली नाही, पगार कापला नाही. फक्त दर महिन्याला तो रकाना पडद्यावर येई. आणि हळूहळू माझ्या मनात एक वाक्य रुळू लागले: ‘एक रात्र नजरेखाली राहू द्या, उगाच धोका नको.’ हे वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने कधीच पूर्णपणे चूक नसते, हीच त्याची सोय. गेल्या वर्षी घरी पाठवले असते अशा मुलाला मी यंदा खाट देऊ लागले. एखादे मोजमाप उद्दिष्ट बनले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, असे म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात मांडलेल्या विचारातून हा नियम रूढ झाला. मला तो चलनावर वाचलेला ठाऊक नव्हता. माझ्याच लेखणीवर पाहिला.

अशाच एका संध्याकाळी महीपलीकडच्या एका गावाहून अडीच वर्षांची मुलगी आली. दोन दिवसांचे जुलाब, डोळे किंचित खोल, पण पाणी मागून पीत होती. ओठ कोरडे, नाडी ठीक. मी दाखल करून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हसत-खेळत घरी निघाली. बापाने बिलाचे कागद माझ्या खोलीत आणले. तक्रार करावयास तो आलेला नव्हता. त्याने सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली, तीत छोट्या छोट्या चिठ्ठ्यांची चळत. दूध मंडळीच्या त्या चिठ्ठ्या दाखवून तो सांगू लागला की पैसे देईन, निम्मे आज आणि निम्मे खात्यात दुधाचे जमा झाले की. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रुपये. मग आमच्या बिलाचा चार पानांचा कागद त्याने टेबलावर सपाट केला, सावकाश बोट फिरवले आणि विचारले, ‘‘बेन, आ कागळमां फेट क्यां लख्या छे?’’

त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. ज्या मोजमापावरून भाव ठरला ते मोजमाप या कागदावर कोठे आहे? त्याच्या चिठ्ठीवर असते, तसे येथेही असणार, असे त्याने गृहीत धरले होते. मी चारही पाने पाहिली. खाटेचे भाडे, शुश्रूषा शुल्क, सुया, नळ्या, हातमोजे, तपासण्या, सारे होते. मुलीला काय झाले होते, किती पाणी कमी पडले होते, दाखल करताना वजन किती आणि जाताना किती, यांपैकी काहीही नव्हते. मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पुढे बिलाची उरलेली रक्कम मी माफ करून घेतली. पण ते पापक्षालन स्वस्तातले होते.

आता थोडे दुधाकडे वळते. ‘मंडळी’ या शब्दाला आपण बडोदेकर मराठी माणसे दोन्ही अर्थांनी जगतो. पुण्याकडच्या पाहुण्यांना मंडळी म्हणजे माणसे; येथे मंडळी म्हणजे सहकारी संस्थाही. १९०४ सालच्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याच्याही आधी, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी याच बडोद्यात अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. पण मंडळी या शब्दाला खरी दौलत आणली ती आणंदने.

माझ्या लहानपणी दांडिया बाजारच्या घरी आजी नखावर दुधाचा थेंब घेई. थेंब नखावर उभा राहिला तर गवळी प्रामाणिक, ओघळला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. घेणाऱ्याजवळ निदान नख तरी होते. देणाऱ्या शेतकऱ्याजवळ तेही नव्हते. चाळीसच्या दशकात खेडा जिल्ह्यातील शेतकरी ज्या दलालाला दूध घालीत, तो माप आपल्या हाताने करी आणि भाव आपल्या तोंडाने सांगे. मुंबईला दूध पाठविण्याचा मक्ता पोल्सन डेअरीकडे होता. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली, शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद ठेवले, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. त्यांच्या मागे सरदार पटेलांचा सल्ला होता हे सर्वश्रुत आहे.

या साऱ्या कथेत माझे मन ज्या गोष्टीपाशी थांबते ती मात्र काचेची एक लहानशी नळी आहे. तिला ब्युटिरोमीटर म्हणतात. निकलाउस गेर्बर नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञाने १८९० च्या दशकात ही पद्धत प्रचारात आणली. नळीत दहा मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध आणि एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालावयाचे. आम्लाने प्रथिने विरघळतात आणि नळी हाताला पोळू लागते. मग ती यंत्रात गरगर फिरवली की स्निग्धांश वर येऊन मानेतल्या आकड्यांच्या पट्टीशी उभा राहतो. म्हशीच्या दुधात सहा-सात, गाईच्या दुधात चार-साडेचार. पुढे संगणक आला, नव्वदच्या दशकापासून गावोगाव आपोआप वजन आणि फॅट नोंदवणारी यंत्रे बसली, काही क्षणांत छापील चिठ्ठी मिळू लागली. पण मूळ करार त्या काचेच्या नळीतच झाला होता. ज्याचे दूध, त्याच्या डोळ्यांसमोर मोजायचे आणि आकडा त्याच्या हातात द्यायचा. कित्येक वर्षे सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी रोख मिळत. आता बहुतेक ठिकाणी ते बँकेत जमा होतात.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नेतृत्व म्हटले की डॉ. व्हर्गीस कुरियन यांचे नाव येते, आणि ते यावयासच हवे. १३ मे १९४९ रोजी सरकारी शिष्यवृत्तीची अट पुरी करण्यासाठी हा अभियंता काहीसा नाखुशीनेच आणंदला उतरला आणि ९ सप्टेंबर २०१२ रोजी जवळच्याच नडियादला त्यांचे निधन झाले. पण मला या त्रिकुटातली बाकीची दोन माणसे तितकीच मोलाची वाटतात. हरिचंद मेघा दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे तेव्हा परदेशी तज्ज्ञांचे ठाम मत होते. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या कारखान्याचे उद्घाटन झाले. आणि त्रिभुवनदास. स्वतःला जे येत नाही ते येणारा माणूस त्यांनी शोधला, त्याला थांबवून घेतले, त्याच्या फटकळपणाचे चटके सोसले आणि राजकारणाची धूळ त्याच्यापर्यंत पोहोचू दिली नाही. १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो कुरियन, त्रिभुवनदास आणि मुंबई दूध योजनेचे दारा खुरोडी या तिघांना मिळून. कुरियन स्वतःला अखेरपर्यंत शेतकऱ्यांचा नोकर म्हणवीत. २००६ साली महासंघाचे अध्यक्षपद त्यांना मतभेदांच्या वातावरणात सोडावे लागले, याची हळहळ वाटते. संस्था उभी करणाऱ्याला खुर्चीवरून उठण्याची वेळही तितकीच अचूक कळते असे नाही.

आपल्या माणसांचा हात या कथेत आणखी एके ठिकाणी लागला आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली आला, तेव्हा पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील. २०२४ साली कान महोत्सवात त्याची नव्याने स्वच्छ केलेली प्रत दाखविली गेली, त्या निमित्ताने मी तो पुन्हा पाहिला. तोपर्यंत माझ्या लेखी तो जातिव्यवस्थेवरचा चित्रपट होता. या खेपेस मी मोजण्याच्या प्रसंगांवरच खिळून राहिले. गावातले दूध कोण मोजतो आणि आकडा कोण सांगतो, यावरून केवढे रण माजते!

एक टीका येथेच केली पाहिजे, नाहीतर माझे बालरोगतज्ज्ञ मित्र मला सोडणार नाहीत. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी करण्याचे संशोधन म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केले आणि आणंदने ती बाजारात आणली. राष्ट्रीय अभिमानाच्या दृष्टीने ती कामगिरी मोठी होती, परंतु डब्यावरच्या गुटगुटीत बाळाने कितीतरी आयांच्या मनात आपल्याच दुधाविषयी शंका निर्माण केली, आणि यात देशी-विदेशी सगळेच उत्पादक आले. शेवटी १९९२ साली शिशुदुग्ध पर्याय आणि दुधाच्या बाटल्यांच्या विक्रीवर कायद्याने बंधने आली, २००३ साली ती अधिक कडक झाली. आपण डॉक्टरांनी त्या काळात कंपन्यांच्या भेटवस्तू घेतल्या होत्या, हेही विसरू नये.

त्या मुलीच्या बापाने जाताना ‘गावी या’ म्हटले होते. अशी निमंत्रणे आपण हसून स्वीकारतो आणि विसरतो. परंतु त्याचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. डिसेंबरात एका रविवारी पहाटे निघाले. वासदचा पूल ओलांडताना महीवर धुके होते. मंडळीच्या दारात उजाडण्यापूर्वीच रांग लागलेली, बहुतेक बायका, हातांत स्टीलच्या किटल्या. आत टेबलाशी मंत्री बसलेला. मंत्री म्हणजे मंडळीचा सचिव. गावात हा शब्द याच पदासाठी राखून ठेवला आहे आणि गांधीनगरच्या मंत्र्यांपेक्षा याचा मान जास्त. किटली ओतली, वजन पडद्यावर उमटले, चमचाभर नमुना यंत्राच्या नळीत गेला, टर्रकन चिठ्ठी बाहेर. पडद्याचे तोंड बायकांकडे वळवलेले होते, मंत्र्याला मान वाकडी करून पाहावे लागे. कुणी मुद्दाम तसे ठेवले होते की टेबलाच्या सोयीने झाले, विचारावयाचे राहिले.

एका बाईचे फॅट आदल्या दिवसापेक्षा बरेच कमी आले. ती हलेना. म्हशीला तेच खाणे, तीच पेंड, मग फॅट कसे उतरले? मंत्र्याने वाद घातला नाही. यंत्राची नळी धुतली, तिच्याच किटलीतला तळाशी उरलेला नमुना ढवळून पुन्हा घेतला. रांगेतल्या पाच-सहा जणी पुढे झुकून पाहू लागल्या. आकडा जवळजवळ तोच आला. तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली की वासराने सकाळी शेवटची धार ओढली असेल, आणि चिठ्ठी कमरेला खोचून निघून गेली. शेवटच्या धारेत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो, हे स्तनपानावर व्याख्यान देताना मी वीस वर्षे चित्रे काढून सांगत आले आहे. फेरतपासणी मागण्याचा अधिकार आणि ती सर्वांदेखत होण्याची रीत, या दोन गोष्टी तेथे कोणत्याही फलकावर लिहिलेल्या नव्हत्या.

माझी रुग्ण आजोबांच्या कडेवर आली होती. दूध संपले, रांग ओसरली. कुणीतरी थट्टेने म्हणाले की हिचेही फॅट काढा. सगळे हसले, आणि हसता हसता तिला वजनकाट्यावर उभे केले. नऊ किलो आठशे.

मी हसता हसता थांबले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनुसार अडीच वर्षांच्या मुलीचे वजन मध्यमानाने पावणेतेरा किलोच्या आसपास असते. दहा किलोच्या खाली ती कमी वजनाची ठरते. हे आलेख सहा देशांतील मुलांवरून बनविले आहेत आणि त्यांत दिल्लीची मुलेही आहेत, त्यामुळे ‘आपली मुले अंगानेच लहान’ ही पळवाट उरलेली नाही. ही मुलगी माझ्या विभागात एक रात्र आणि अर्धा दिवस होती. दाखल करताना तिचे वजन केले होते. केलेच होते, त्याशिवाय प्रणाली औषधाची मात्रा पुढे सरकू देत नाही. त्याच प्रणालीत वाढीचा आलेख काढणारे पान आहे. ते कुणी उघडले नव्हते. मी उघडले नव्हते. जे आम्हांला विकावयाचे होते त्यापुरते तिचे वजन वापरले आणि खाली ठेवून दिले.

त्या घरातून सकाळ-संध्याकाळ मिळून आठ-नऊ लिटर दूध मंडळीत जाते. म्हशीचे फॅट दिवसातून दोनदा मोजले जाते, आणि अर्धा टक्का उतरले तर घरात चर्चा होते, पेंड बदलली जाते, पशुवैद्य येतो. मुलीचे वजन मागे कधी केले, ते आईला आठवत नव्हते. ममता कार्ड होते, ट्रंकेत. लसींचे रकाने भरलेले, आलेखाची रेघ पहिल्या वर्षातच सुटलेली. अंगणवाडीच्या बाईंना मी दोष देत नाही. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर त्यांना मोबाईलमधून नोंदी कराव्या लागतात, आणि ‘वरती’ आकडा पोहोचला की दिवस संपलेला असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातमधील पाच वर्षांखालील सुमारे ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि जवळजवळ तेवढीच कमी वजनाची. हे आकडे मी परिषदांमध्ये पडद्यावर दाखविले आहेत. ते त्या आईला कुणी दाखविले नव्हते.

डॉ. डेव्हिड मोर्ले हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ नायजेरियात काम करीत असताना त्यांनी वाढीचे कार्ड रूढ केले. त्यांचा आग्रह असा की कार्ड दवाखान्यात ठेवायचे नाही, आईजवळ ठेवायचे. दवाखान्यातली कागदपत्रे हरवतात, आया हरवीत नाहीत, हा त्यांचा अनुभव. एम.डी.च्या परीक्षेत मी यावर टीप लिहून गुण मिळविले होते. आणि त्रिभुवनदासांनाही हे सुचले होतेच. संघातून निवृत्त होताना सभासदांनी प्रेमाने जी थैली दिली, ती त्यांनी १९७५ साली माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानला लावली. म्हशीला गावात वैद्य मिळतो, तिचे दूध काढणारीला का नाही, हा साधा प्रश्न होता. दूध मंडळ्यांच्याच आधाराने गावोगाव आरोग्य सेविका उभ्या राहिल्या. मी ज्या गावी गेले तेथे आज अशी सेविका नव्हती. हा त्या कामाचा दोष म्हणून सांगत नाही, माझ्या भूगोलाच्या अज्ञानाचा म्हणून सांगते, कारण आणंद माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे आणि इतक्या वर्षांत मी तेथे केवळ लग्नांना गेले होते.

परतल्यावर त्या तरुण अधिकाऱ्याला खोलीत बोलावले आणि विनंती केली की फक्त माझ्यासाठी एक कागद काढून दे: गेल्या दोन वर्षांत, महिनावार, जुलाबाच्या किती मुलांना मी पाहिले आणि त्यांपैकी किती दाखल केली. त्याला वाटले मी तक्त्याविरुद्ध पुरावा गोळा करते आहे. दोन दिवसांनी त्याने कागद आणला, टेबलावर पालथा ठेवला आणि काही न बोलता उभा राहिला. पहिल्या लाल सभेनंतरच्या चार महिन्यांत दाखल करण्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. त्या वर्षी काही साथ मोठी नव्हती. मुलेही अधिक आजारी नव्हती. आलेख माझा होता.

त्याने विचारले, ‘‘मॅडम, हे सभेत ठेवायचे का?’’ मी हो म्हटले. ठेवलेही. सोबत त्या बापाकडून मागून आणलेली दुधाची चिठ्ठीही ठेवली. सभेत फारसे कुणी बोलले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बाहेर आल्यावर सांगितले, ‘‘बाई, तुम्ही स्वतःचेच पाय कापून घेतलेत.’’ दुसऱ्याने हळूच त्याच अधिकाऱ्याकडून आपल्या विभागाचा तसाच कागद मागविला. त्यात काय निघाले ते मला कळलेले नाही, आणि विचारण्याचा माझा अधिकारही नाही.

मी मागितले होते ते फार नव्हते. घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकाला वितभर लांबीची एक चिठ्ठी द्यावी. तीवर गुजराती, हिंदी किंवा मराठीत, दाखल का केले ते एका ओळीत, येतानाचे वजन, जातानाचे वजन, या वयाला अपेक्षित वजन आणि पुन्हा वजन करण्याची तारीख. व्यवस्थापनाने प्रस्तावावर विचार करू म्हटले. ‘दाखल का केले’ ही ओळ कायद्याच्या सल्लागारांनी काढून टाकली. बाकीच्या ओळी प्रायोगिक तत्त्वावर, केवळ आमच्या विभागापुरत्या, मंजूर झाल्या. छपाईचे सारे त्या अधिकाऱ्यानेच जमविले. गुजराती अक्षरे नीट उमटावीत म्हणून तो एक रविवार रुग्णालयात बसला होता. आरंभी मी त्याच्याविषयी जे मनात आणले होते त्याबद्दल मला आता ओशाळे वाटते. त्याला रकाने नेमून दिले होते. ते कसे असावेत हे सांगावयाचे काम आम्हा डॉक्टरांचे होते, आणि आम्ही चहा पीत बसलो होतो.

ती मुलगी मार्चमध्ये तपासणीसाठी आली. दहा किलो सहाशे. तिच्या बापाने चिठ्ठी हातात घेतली, आकडे वाचले, मग अपेक्षित वजनाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला की काटा पुन्हा एकदा बघा, मंडळीच्या काट्यावर काल थोडे जास्त आले होते. सिस्टरांच्या कपाळावर आठी उमटली. आम्ही मुलीच्या पायांतले चांदीचे वाळे काढून पुन्हा वजन केले. आणखी कमी भरले. तो समाधानाने हसला आणि चिठ्ठी दुधाच्या चिठ्ठ्यांच्या पिशवीत घातली.

आमचा रकाना अजून लाल आहे. तो अधिकारी हल्ली त्यावर थांबत नाही. पुढचे पान काढतो.